पहिल्याच दिवशी पायांनी हात टेकले

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालो, रोज पाच किलोमीटर चालायची सवय त्यामुळे टेन्शन नव्हतं, पण पुण्यात पोचेस्तोवर टाचांना फोड, मांड्या सोलवटलेल्या, तिथूनच बस धरून घरी. यंदा पंढरपूर गाठायचंय. चुकलं कुठे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, बूट नवे होते ना? असणारच, पहिल्या वर्षी मीपण तेच केलं. दोन-तीन महिने वापरलेले आणि जरा सैलसर घ्या, कारण दुपारनंतर पाय सुजतात. मांड्यांना निघतानाच खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन, घासायला लागल्यावर लावून उपयोग नाही. फोड आला तर फोडू नका, टेप लावा.

पण खरी गंमत वेगळीच आहे. सकाळचं पाच किलोमीटर आपण सलग चालतो, आणि वारीत चार पावलं चाललं की थांबा. दिघी, विश्रांतवाडी, संगमवाडी, जिथे तिथे दर्शनाची गर्दी, रथ मुंगीच्या चालीनं सरकतो, माणूस चालून कमी आणि उभं राहून जास्त दमतो. त्यामुळे विसावा झाला रे झाला की बूट-मोजे काढायचे, आडवं व्हायचं, पाय पिशवीवर टाकायचे. लाज वाटून घेऊ नका, आजूबाजूच्या सत्तरीच्या माऊल्या तुमच्या आधी घोरत असतात.

सामान दिंडीच्या ट्रकमध्ये टाकताना रेनकोट आणि सुके मोजे मात्र बाहेर ठेवा, माझा रेनकोट ट्रकमधून आरामात पुण्याला गेला आणि मी भिजत. दिंडीचा नंबर आणि मुक्कामाची जागा कागदावर लिहून खिशात ठेवा, चुकामूक होतेच आणि गर्दीत फोनला रेंज मिळेलच असं नाही.

आणि खाणं! पुणं जवळ आलं की चहा, केळी, वडे, बिस्किटं, जो तो हातात देतो, नाही म्हणवत नाही, मग मात्र टॉयलेटच्या रांगेत उभं राहायची पाळी येते. निम्मं पिशवीत टाका.

पुण्यात पालखी दोन रात्री असते, मधला दिवस फिरायला नाही, पायांसाठी आहे. चप्पल उसवली असेल तर वाटेत फुकट शिवून देणारे भेटतात. पुढे सासवडचा तीसेक किलोमीटरचा टप्पा, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी एकादशी. उपास धरणार असाल तर शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ-साखरेचं पाणी जवळ असू द्या.

दिंडीत नाव आधीच नोंदवा, भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, किती ते विचारून घ्या. बूट नवे घेऊ नका, गेल्या वर्षीचे एव्हाना मऊ झाले असतील.