रात्री जागणाऱ्या मुलास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पहाटे पाचचा गजर लावूनही जाग येत नाही, घरात सगळे ‘सूर्यवंशी’ म्हणून चिडवतात आणि अभ्यास मात्र रात्री अकरानंतरच डोक्यात शिरतो, हे तू एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तसे लिहिले आहेस. भुसावळच्या रेल्वे कंट्रोलमध्ये माझी नोकरी झाली आणि मीही मुळात रात्रीचाच माणूस, त्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

प्रथम तो अपराधभाव सोड. आपल्या मेंदूत झोप-जागेचे एक घड्याळ असते आणि त्याची गती बऱ्याच अंशी जन्मतःच ठरते. पेशींतील ही यंत्रणा जनुके कशी चालवतात हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकी संशोधकांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकांचे हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असते, काहींचे त्याहूनही लांब, आणि अशा माणसांना झोप उशिरा येते. त्यातून तुझे वय विशीचे. या वयात हे घड्याळ आयुष्यातील सर्वांत उशिराच्या टोकाला असते आणि पुढे हळूहळू अलीकडे सरकते. तुझे वडील पहाटे उठतात ते निव्वळ शिस्तीमुळे नव्हे, त्यात त्यांच्या वयाचाही हात आहे.

आपल्या खान्देशात पहाटेला एवढा मान का, याचे कारण ऊन आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा शेतातले काम दहाच्या आत उरकणे भागच असते. पण त्याच रावेर-यावलकडे रात्रीच्या पाळीत वीज आली की केळीला पाणी द्यायला शेतकरी बॅटरी घेऊन मध्यरात्री बांधावर जातो आणि सकाळी उशिरा उठला तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही. लोक जागरणाला नावे ठेवत नाहीत, ज्या जागरणाचे कारण त्यांना दिसत नाही त्याला ठेवतात. आणखी एक गंमत सांगतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि जळगाव सुमारे ७५.५ अंशांवर आहे. अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या मागे जवळजवळ अर्धा तास चालतो. जानेवारीत तो सात वाजून गेल्यावरच उगवतो. हा युक्तिवाद वडिलांपुढे मात्र करू नकोस.

आता तुला न आवडणारा भाग. तुझे नुकसान उशिरा झोपण्याने होत नाही, अपुऱ्या झोपेने होते. दोनला झोपून सहाला उठायचे आणि रविवारी दुपारी बारापर्यंत लोळून ती तूट भरून काढायची, यात शरीराला दर सोमवारी परदेशातून परतल्यासारखा त्रास होतो. सात तासांहून कमी झोप चालवून घेऊ नकोस आणि सुट्टीच्या दिवशीही उठण्याच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नकोस. रात्री एक ते सकाळी साडेआठ ही वेळ ठरली, तर तीच रोज पाळ. तीही शिस्तच आहे.

परीक्षेचा पेपर सकाळी असतो, तो तुझ्यासाठी रात्री ठेवला जाणार नाही. म्हणून दोन-तीन आठवडे आधीपासून उठण्याची वेळ दर एक-दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आण. उठल्याबरोबर अर्धा तास गच्चीवर किंवा अंगणात उजेडात बस, कारण हे घड्याळ सर्वांत जास्त ऐकते ते सकाळच्या उजेडाचे. रात्री मोठे दिवे आणि मोबाइल त्याला उलट उशिराकडे ढकलतात. चहा चारनंतर बंद. त्यातील कॅफीन निम्मे उतरायलाच पाच-सहा तास लागतात. रात्रभर जागून पहाटे मोटारसायकलने धुळ्याकडे महामार्गावर निघणे किंवा चाळीसगावहून कन्नड घाट चढणे, हे मात्र कधीही करायचे नाही.

रात्री जागता येते म्हणून रात्रपाळीची नोकरी आपल्याला मानवेल, असे तू लिहिले आहेस. कायमची रात्रपाळी कदाचित मानवेलही, पण आठवड्याला बदलणारी पाळी आपल्यासारख्यांनाही सोसत नाही, हे मी सहकाऱ्यांत पुष्कळ पाहिले. अर्ज करण्यापूर्वी पाळ्या कशा फिरतात ते विचारून घे.

घरच्यांशीही बोल. तू उशिरा उठणार, तर आईने तुझ्यासाठी दुसऱ्यांदा चूल पेटवायची नाही. स्वतःचा चहा स्वतः कर, भांडे घासून ठेव, आणि रात्री उशिराची जी कामे इतरांना जड जातात, म्हणजे कुलूप-कडी पाहणे किंवा रात्रीच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्याला भुसावळ स्टेशनवरून आणणे, ती आपणहून अंगावर घे. पुरेशी झोप होऊनही दिवसभर गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखव. परीक्षेची तारीख कळली की लिही, मग वेळ अलीकडे आणण्याचे वेळापत्रक आपण मिळून आखू.

तुझा हितचिंतक,
काका