मूल शाळेत इंग्रजी बोलत नाही म्हणून घाबरलात, तर आधी हे बघा

ताई, आधी मुलाचं घरातलं मराठी नीट ऐका. ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘कॅट’ला ‘टॅट’ म्हणत असेल, म्हणजे अडचण दोन्ही भाषांत असेल, तर स्पीच थेरपिस्टला दाखवाच. वयाच्या चार-साडेचार वर्षांनंतर तर अजिबात थांबू नका. पण मराठीत पोपटासारखा बोलतो, आजीला दिवसभराच्या गोष्टी सांगतो आणि फक्त इंग्रजी शाळेत गप्प बसतो, तर बहुतेक वेळा त्याला नव्या भाषेसाठी थोडा अवधी हवा असतो. ‘इस्कूल’ म्हणणं हा दोष नव्हे.

थेरपीआधी कानांची तपासणी करून घ्या. सर्दीने कानात पाणी साचलं तरी उच्चार बिघडतात, आणि नाशिकच्या थंडीत मुलं सारखी सर्दावतात. खर्चाची चिंता असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, म्हणजे मुलांच्या मोफत तपासणी-उपचाराच्या सरकारी योजनेची, चौकशी करा. त्यात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात. खासगीत गेलात तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (अशा थेरपिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे ना, हे बिनधास्त विचारा. तपासणी मराठीतही झाली पाहिजे.

आणि कोणीही सांगितलं तरी घरातलं मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही.