जेलवर शेक देऊ का?

प्रश्न : आईचं वय ७१. गुडघेदुखीवर डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचं जेल दिलंय. फरक पडत नाही, औषध वरच राहतं, असं ती म्हणते. शेजारच्या काकू सांगतात, वरून प्लॅस्टिक गुंडाळून गरम पाण्याच्या पिशवीने शेका, म्हणजे आत मुरेल. करू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नका करू. काकू म्हणतात ते खरं आहे, आणि मला काळजी त्याचीच वाटते. प्लॅस्टिकखाली घाम कोंडून कातडी ओलसर होते, शेकाने तिथलं रक्ताभिसरण वाढतं. औषध जास्त आत जातं. पण किती जास्त, यावर तुमचा ताबा राहत नाही. आईंना बीपीच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर हे महागात पडू शकतं. जेलमध्ये मेन्थॉल असेल तर शेकाने कातडी भाजतेसुद्धा.

औषध अडतं ते कातडीच्या सगळ्यात वरच्या, मृत पेशींच्या थरात. जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू त्यातून सहसा जात नाही. इन्सुलिन ५८०० च्या आसपास, म्हणून त्याचं मलम निघालेलं नाही. डायक्लोफेनॅक ३०० च्या आतलं. शिवाय वाट सोपी करायला जेलमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल असं काहीबाही आधीच घातलेलं असतं. तुम्ही वेगळं काही करायची गरज नाही.

माझ्या मते खरी अडचण मापाची आहे. औषधाच्या दुकानात मी लोकांना ट्यूब उघडून दाखवते : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ काढली की अर्धा ग्रॅम. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम लागतं, म्हणजे अशा चार ते आठ रेघा. बहुतेकजण वाटाण्याएवढं लावून मोकळे होतात! कोरड्या, स्वच्छ कातडीवर गुडघ्याच्या चारही बाजूंनी लावा, डॉक्टरांनी सांगितलंय तितक्याच वेळा. आठवडाभर नेमाने लावून बघा, त्याआधी ‘गुण येत नाही’ असं म्हणू नका.

शेक हवाच असेल तर जेलच्या आधी द्या, कातडी निवू द्या, मग लावा.

आणि एक, कळकळीने सांगते. घरात कुणाला फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन या तीव्र वेदनाशामकांचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) लावलेला असेल, तर त्यावर गरम पिशवी कधीही ठेवू नका. उष्णतेने औषध भराभर रक्तात उतरतं, श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो.