वाचकांचे प्रश्न : स्मॉल फॉरवर्डचं मोल कसं ठरवायचं?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे तिथल्या लोकांची ‘फूटी’, या खेळावर आलेल्या प्रश्नांपैकी बरेच एकाच जागेभोवती फिरतात: गोलच्या तोंडाशी घोटाळणारा, पावणेसहा फुटांच्या आतबाहेरचा चपळ फॉरवर्ड. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : आम्ही घरचे सगळे दोन वर्षांपासून फूटी बघतो. स्मॉल फॉरवर्ड अख्ख्या सामन्यात जेमतेम दहा-बारा वेळा चेंडू हाताळतो, मिडफिल्डर तीस वेळा. तरी समालोचक त्याचं एवढं कौतुक का करतात? (टारनीट, मेलबर्न)

उत्तर : त्याचं काम चेंडू जास्त वेळा मिळवणं हे नाहीच. एक संघ सामन्यात साधारण पन्नासेक वेळा चेंडू पन्नास मीटरच्या कमानीत, म्हणजे गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या रेषेच्या आत, नेतो. त्यातले दहा-बारा उंच फॉरवर्ड हवेत झेलतात, म्हणजे मार्क घेतात. उरलेले बहुतेक चेंडू झेलाझेलीतून खाली पडतात किंवा बचावपटूच्या हाती जातात. त्या क्षणापासून स्मॉल फॉरवर्डचं काम सुरू होतं. खाली पडलेला चेंडू उचलून गोल करायचा, नाहीतर ज्याच्या हाती चेंडू गेला त्याला सुखासुखी बाहेर पडू द्यायचं नाही. चेंडू कमानीत आणखी वीस सेकंद अडकून राहिला तरी संघाला दुसरी संधी मिळते, आणि तिच्यासाठी मिडफिल्डला पुन्हा धावावं लागत नाही.

गोलला सहा गुण. चेंडू गोलखांबांच्या शेजारच्या छोट्या खांबांतून गेला तर तो बिहाइंड, त्याला एक. कबड्डीत फक्त चढाईचे गुण मोजले तर कोपऱ्यातल्या खेळाडूची पकड दिसतच नाही, तसंच इथे होतं. गोलांचा रकाना पाहून माणूस जोखला तर त्याचं निम्मं काम बाहेर राहतं.

प्रश्न : एकूण गोल बघून तीन मोठ्या स्मॉल फॉरवर्डची तुलना करता येईल का? आमच्याकडे यावरून वाद चालू आहे. (ॲडलेड)

उत्तर : तुमच्या शहरात हा वाद एडी बेट्सवरून असणार, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करू. बेट्स कार्लटन आणि ॲडलेडकडून मिळून 350 सामने खेळला आणि 640 गोल केले, म्हणजे सामन्याला सुमारे 1.8. सेंट किल्डाच्या स्टीफन मिल्नचे 275 सामन्यांत 574 गोल, सामन्याला 2.1 च्या जवळ. हॉथॉर्नच्या सिरिल रिओलीचे 189 सामन्यांत 275, म्हणजे जेमतेम 1.5.

या हिशेबात रिओली तिसरा येतो. पण तो 2008, 2013, 2014 आणि 2015 अशा चार विजेत्या संघांत होता, 2015 च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक त्याला मिळालं, आणि 2012, 2015, 2016 या तीन वर्षी तो हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडला गेला. निवडणारे आंधळे नव्हते. रिओलीचा पाठलाग सुरू झाला की बचावपटू घाई करायचा आणि चेंडू टाकायचा. तो चेंडू उचलून गोल करणारा पुष्कळदा दुसराच कुणी असायचा. गोलांच्या यादीत त्या दुसऱ्याचं नाव लागतं.

म्हणून सरासरी काढायचीच असेल तर तीन गोष्टी तपासून घ्या. पहिली, त्याच्या संघाचा चेंडू कमानीत किती वेळा जातो. चाळीस वेळा नेणाऱ्या संघातले दीड गोल हे साठ वेळा नेणाऱ्या संघातल्या दोन गोलांपेक्षा मोलाचे ठरू शकतात. दुसरी, त्याच्या संघात उंच फॉरवर्ड किती आहेत आणि ते चेंडू झेलतात की निदान खाली पाडतात. हवेत दोन बचावपटूंना गुंतवून ठेवणारा उंच माणूस नसेल तर खाली पडणारा चेंडू मिळणार कुठून? तिसरी, गोल केव्हा झाले. साठ गुणांनी जिंकलेल्या सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमधले तीन गोल आणि बॉबी हिलने 2023 च्या अंतिम सामन्यात केलेले चार, हे एका तराजूत घालता येत नाहीत. कॉलिंगवुडने तो सामना ब्रिस्बेनविरुद्ध 90–86, अवघ्या चार गुणांनी जिंकला, आणि नॉर्म स्मिथ पदक हिललाच मिळालं.

एवढं करूनही बेट्सचं स्थान खाली येत नाही, हेही लिहून ठेवतो. गोल ऑफ द इयर चार वेळा मिळवणारा फॉरवर्ड चेंडूची वाट बघत बसला होता असं कुणी म्हणू नये.

प्रश्न : घरी टीव्हीसमोर बसून एखाद्या स्मॉल फॉरवर्डला गुण द्यायचे असतील तर नेमकं काय मोजावं? (पर्थ)

उत्तर : वही घ्या आणि एका सामन्यात एकाच खेळाडूवर नजर ठेवा, दोघांवर ठेवलीत तर दोघेही हातचे जातील. आमच्या उपयोगाचं एक ढोबळ गणित देतो. हे अधिकृत नाही, पण सहा-सात सामन्यांत खेळाडूचं बरंच खरं चित्र उभं राहतं.

गोलचे सहा, बिहाइंडचा एक. दुसऱ्याच्या गोलला शेवटचा चेंडू याने दिला तर तीन. कमानीच्या आत टॅकल केली तर ती कशी संपली ते बघा. समोरच्याला चेंडू सोडायची पुरेशी संधी मिळाली होती आणि तरी तो चेंडू धरून पकडला गेला, तर ‘होल्डिंग द बॉल’ची फ्री किक मिळते. तिचे तीन द्या, कारण तिथून बहुतेक वेळा थेट गोलवरच किक असते. टॅकलमुळे पंचाने बॉल-अप दिला, म्हणजे खेळ थांबवून चेंडू दोन्ही संघांमध्ये उडवला, तर एक. अंगाला हात न लावता नुसत्या पाठलागाने समोरच्याची किक चुकली आणि चेंडू आपल्याकडे आला तर दोन. गर्दीतून जमिनीवरचा चेंडू उचलून आपल्याच खेळाडूला दिला तर एक.

आता वजाबाकी. तिच्याशिवाय हे गणित खोटं पडतं. आपल्याच उंच फॉरवर्डच्या झेलात आडवा आला तर उणे दोन. फ्री किक देऊन बसला तर उणे दोन. सुटलेल्या बचावपटूमागे धावणं अर्ध्यात सोडलं तर तेही उणे दोन, आणि हे लिहायला सगळ्यात अवघड, कारण तोपर्यंत कॅमेरा चेंडूमागे निघून गेलेला असतो. जमेल तेव्हा मैदानावर गोलच्या मागे बसून बघा. तिथून चेंडू कमानीबाहेर गेल्यावर तो काय करतो ते दिसतं.

एक बारकावा जवळून बघण्यासारखा आहे. उंच चेंडू गर्दीवर उतरताना चांगला स्मॉल फॉरवर्ड गर्दीच्या अगदी खाली उभा नसतो. तो तीन-चार मीटर अलीकडे, गोलच्या उलट बाजूला आणि सरळ रेषेत थांबतो, आणि चेंडू हातांना लागताच पुढे झेपावतो. झेलणारे गोलच्या दिशेने उड्या मारत असले तरी त्यांना थटलेला चेंडू बहुतेक वेळा पुढे, म्हणजे तो आला त्या बाजूलाच पडतो. कच्चा खेळाडू आधीच गर्दीत शिरतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे पडतो. दर वेळी तो योग्य जागी होता का, एवढीच खूण करत गेलात तरी चालेल. चेंडू मिळणं नशिबावर असतं, जागा धरणं त्याच्या हातात असतं.

सामन्यांची आकडेवारी ठेवणारी चॅम्पियन डेटा ही कंपनी दबावाचीही अशीच वर्गवारी करते. अंगाला भिडून आणलेल्या दबावाला 3.75, जवळ येऊन भिडण्याला 2.25, पाठलागाला 1.5 आणि वाट अडवून धरण्याला 1.2 असं वजन असतं. तुमच्या वहीतले आकडे आणि हे आकडे एकाच दिशेला जात असतील तर नजर बसली म्हणून समजा.

आणि निकाल द्यायच्या आधी त्याची भूमिका विचारात घ्या. हल्ली अनेक स्मॉल फॉरवर्डना प्रशिक्षक मधल्या झटापटींपर्यंत वर पाठवतात आणि तिथून उलटं गोलकडे पळायला लावतात. अशाचे गोल कमी होणारच. पावसाळी रात्री चेंडू हातात थांबत नाही, जमिनीवर जास्त येतो, तेव्हा यांचे आकडे फुगतात. छत बंद असलेल्या डॉकलंड्सच्या मैदानावर ते उतरतात. म्हणून सहा सामने बघितल्याशिवाय मत बनवू नका.

प्रश्न : बाउंड्री लाइनला चिकटून केलेले ते अशक्य गोल ही कला की नशीब? (पुणे, यूट्यूबवर बघून)

उत्तर : कला, आणि ती भूमितीत दिसते. दोन गोलखांबांत 6.4 मीटर अंतर असतं. समोरून 30 मीटरवर उभं राहिलं तर हे तोंड सुमारे 12 अंशांचं दिसतं. तेवढ्याच अंतरावरून पण 60 अंश बाजूला सरकलात तर ते 6 अंशांवर येतं, म्हणजे निम्मं. सरळ किकला तिथे वाव फार थोडा. म्हणून चेंडू आधी मैदानाच्या आतल्या बाजूला सोडून मग गोलकडे वळवायचा. गोलकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या पायाच्या खेळाडूचा स्नॅप, म्हणजे अंगावरून फिरवून मारलेली किक, डावीकडे वळतो, तेव्हा त्याला डावा पॉकेट, म्हणजे गोलच्या डावीकडचा कोपरा, सोयीचा. उजव्या पॉकेटमधून त्याला चेकसाइड मारावी लागते. तिलाच बनाना म्हणतात, ती डावीकडून उजवीकडे वळते आणि जास्त अवघड असते. मोल ठरवताना खेळाडू दोन्ही पॉकेटमधून गोल करतो का, हे जरूर बघा. एकाच बाजूने करणाऱ्याला बचावपटू लवकर ओळखतात आणि दुसऱ्या बाजूला ढकलत नेतात.

प्रश्न : एएफएल फँटसीमध्ये स्मॉल फॉरवर्ड घ्यावा का? (पॉइंट कुक, मेलबर्न)

उत्तर : शक्यतो नाही. एएफएल या फूटीच्या मुख्य लीगच्या या ऑनलाइन खेळात आपण निवडलेल्या खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळतात. तिथे किकचे 3, हँडबॉलचे (मुठीने मारून दिलेल्या चेंडूचे) 2, मार्कचे 3, टॅकलचे 4, गोलचे 6 आणि बिहाइंडचा 1. आठ किक, चार हँडबॉल, तीन मार्क, चार टॅकल आणि दोन गोल, असा छान सामना झाला तरी 69 होतात. सोळा किक, चौदा हँडबॉल, पाच मार्क, चार टॅकल करणारा मिडफिल्डर एकही गोल न करता 107 वर जातो. गोलसमोरची टॅकल आणि मधल्या मैदानातली टॅकल फँटसीला सारखीच. मात्र स्वस्तातला एखादा, ज्याला प्रशिक्षकाने नुकतंच मिडफिल्डमध्ये वापरायला सुरुवात केली आहे, तो डोळे झाकून घ्या.

प्रश्न : क्लब या जागेसाठी ड्राफ्टमधला वरचा क्रमांक खर्च करतात, ते शहाणपणाचं आहे का? (सिडनी)

उत्तर : ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत. इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. बेट्स 2004 च्या प्री-सीझन ड्राफ्टमधून आला. मिल्न आणि सिडनीचा टॉम पॅपली रूकी यादीतून, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या नवख्यांतून, वर आले. टायसन स्टेंगलला ॲडलेडने यादीतून काढलं होतं. जीलाँगने त्याला घेतलं आणि 2022 मध्ये त्याने 53 गोल केले, संघ विजेता झाला. म्हणजे मागच्या दाराने उत्तम माणूस मिळतो. दुसरीकडे मेलबर्नने 2019 मध्ये कायसाया पिकेटला बाराव्या क्रमांकावर घेतलं आणि हॉथॉर्नने 2023 मध्ये 170 सेंटिमीटरच्या निक वॉटसनला चक्क पाचव्या.

आमचं मत असं: फक्त गोलसमोर वावरणारा असेल तर वरचा क्रमांक घालवू नये, कारण त्याचे आकडे संघाच्या मिडफिल्डवर हलतात आणि वर्षागणिक खालीवर होतात. मिडफिल्डमध्ये जाऊन क्वार्टरचा काही भाग निभावणारा असेल तर जरूर घालवावा. आणि असे दोन-तीन एकत्र खेळवले तर एकेकट्यापेक्षा जास्त काम करतात. 2017 च्या अंतिम सामन्यात रिचमंडने जॅक रिवोल्ट हा एकच खरा उंच फॉरवर्ड ठेवून डॅनियल रिओली, जेसन कास्टान्या, डॅन बटलर यांना मोकळं सोडलं आणि ॲडलेडला 108–60 असं हरवलं.

प्रश्न : आमच्या उपनगरातल्या चौदा वर्षांखालच्या संघाची निवड आहे. मी पालक म्हणून मदतीला आहे. स्मॉल फॉरवर्ड निवडताना काय बघू? (मेलबर्न)

उत्तर : शर्यतीच्या वेळा लावत बसू नका. वीस मीटरची धाव लागते, पण पहिली तीन पावलं जास्त लागतात. दोन उंच मुलांना झेलायला उभं करा, वीस-पंचवीस मीटरवरून उंच चेंडू टाका आणि प्रत्येक मुलाला दहा-दहा संधी द्या. चेंडू किती वेळा मिळाला यापेक्षा तो पडला तेव्हा मूल हलतं होतं की टाचांवर उभं होतं, हे लिहा. मग बचावपटूला मुद्दाम चेंडू उचलू द्या आणि बघा: मूल ताबडतोब वळून मागे लागतं, की कमरेवर हात ठेवतं? टॅकल करताना डोकं बाजूला ठेवतं ना, हात खांद्याच्या खाली धरतं ना, हेही त्याच वेळी तपासा. मानेला हात लागला तर फ्री किक समोरच्याला जाते आणि मुलाला दुखापतीचा धोका वेगळाच. चेंडू ओला करून हाच प्रयोग पुन्हा करा. कोरड्या चेंडूने नाव काढणारी दोन-तीन मुलं तिथे मागे पडतात आणि आधी नजरेत न भरलेलं एखादं पुढे येतं. त्या मुलाला यादीत घ्या, गोल त्याने एकच केला असला तरी.