भुलाबाईचा डबा

प्रिय बेटा,

तू पाठवलेला भुलाबाईचा व्हिडिओ तीनदा पाहिला. आजीच्या तोंडावरचा उजेड सुरेख टिपलास. पण तिचं गाणं अर्ध्या मिनिटात तुटलं आणि मागे सिनेमाचं संगीत वाजत राहिलं. म्हणून लिहायला बसलो.

भाद्रपद पौर्णिमेला बसलेली भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती, कोजागिरीपर्यंत आपल्याकडे विदर्भात राहते. महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. झाकलेला डबा कानाशी धरून हलवायचा. खडखडला तर फुटाणे, काहीच वाजलं नाही तर शिरा. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. त्या हसण्या-भांडण्यासाठीच तर पोरी येतात, आणि येतात म्हणून गाणी पाठ होतात. तुझ्या व्हिडिओत डबाच नाही.

आणखी एक. आजी 'पऱ्हाटी' म्हणाली, तू खाली 'कापसाचं झाड' लिहिलंस. असं करू नको. कारण सांगतो.

नागपूरला आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. आमच्या घरी रेडिओ पुष्कळ उशिरा आला. त्यावर पहिल्यांदा वऱ्हाडी बोलणं ऐकलं तेव्हा माय चुलीपुढून उठून आली, हात पिठाचेच. आपण बोलतो तेही रेडिओवर बोलतात, एवढ्यानं तिची मान ताठ झाली होती. पुढे एका कार्यक्रमासाठी मी गावातल्या चार बाया ओव्या म्हणायला नेल्या. तिथे सांगण्यात आलं, 'मले' नको 'मला' म्हणा, 'डोये' नको 'डोळे' म्हणा. मीही त्यांच्याकडून तसंच घोकून घेतलं. दर ओळीला त्या अडखळत होत्या. त्यातली एक बाई नंतर घरी दळतानाही 'मला' म्हणू लागली. ते ऐकलं आणि मला फार लागलं. बेटा, आपण नुसतं टिपून आणत नाही, टिपताना माणसाचं बोलणंही बदलून येतो.

टीव्हीवरच्या मालिकांनी आपल्या लग्नांत मेहंदी-संगीत आणलं, हळदीची गाणी डीजेखाली दबली, हे तू पाहतेसच. पण गडचिरोलीतल्या वडशाकडेही बघ. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातली, नाटकं दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत सुरू होतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बाहेरच्या पुष्कळांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तिथली माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या चादरी पांघरून थंडीत नाटक बघत आली आहेत. बातमी नव्हती तेव्हाही नाटक होतं, ते या बसणाऱ्यांमुळे.

तेव्हा आजीकडे परत जा. आधी तिला विचार, चित्रण दाखवू का लोकांना. गाणं पुरतं घे, मध्येच खोकली तर खोकू दे. हे तिला कोणी शिकवलं, तिचं माहेर कोणतं, तेही तिच्याच तोंडून येऊ दे. शब्द अडला तर तिथंच अर्थ विचार, बदलू मात्र नको. झालेलं सगळ्यांत आधी तिला दाखव आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेव. तुकडा पाडायचाच असेल तर त्यानंतर पाड.

कोजागिरीला अजून आठ दिवस आहेत. पोरी डबा हलवतील तेव्हा फोन जवळ धर. आत शिरा असला तर काही वाजणार नाही. तेही घे.

तुझे
गुरुजी