एक ऑन्टॉलॉजी (एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध यांची औपचारिक मांडणी) आउलमध्ये (ओडब्ल्यूएल, ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा), दुसरी फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमध्ये (त्याहून जास्त काही मांडू देणारं तर्कशास्त्र). दोन्ही जोडायच्या कशा?

आउलमधली ऑन्टॉलॉजी फर्स्ट-ऑर्डरमध्ये न्या आणि तिथे जोडा. उलट केलंत तर अर्थ गळतो, आणि गळलेला लगेच कळतही नाही.

'खरा भाग' (वस्तू स्वतः सोडून) हा संबंध घ्या. झडप हृदयाचा भाग, हृदय शरीराचा, म्हणून झडपही शरीराचा भाग. पण शरीर कधीच हृदयाचा भाग नसतं. म्हणजे संबंध संक्रामक आहे आणि असममितही. आउल २ डीएलमध्ये (आउलचं मर्यादा घातलेलं रूप) एकाच प्रॉपर्टीला, म्हणजे संबंधाला, हे दोन्ही गुण देता येत नाहीत. रीझनर (निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) उत्तर देऊन थांबेलच, ही हमी टिकावी म्हणून हे बंधन आहे. फर्स्ट-ऑर्डरमध्ये हेच दोन ओळींत मांडता येतं, पण तिथे थांबण्याची हमी नाही. डॉल्चे या पायाभूत ऑन्टॉलॉजीमध्ये तर 'अमुक वेळी भाग' हा तीन जागांचा संबंध आहे, आणि आउलला थेट दोनच जागा कळतात.

आउलकडून वर जाणं सोपं: क्लासचं (संकल्पनेचं) एकपदी, म्हणजे एका जागेचं, प्रेडिकेट होतं, प्रॉपर्टीचं द्विपदी.

हे हाताने करू नका. डोल ही याचसाठीची भाषा, २०१८ पासून ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक. तिच्यात दोन्ही ऑन्टॉलॉजी मूळ भाषेतच राहतात, दुवा तेवढा वेगळा लिहायचा. हेट्स हे मोफत साधन भाषांतर करून प्रूव्हरकडे (सिद्धता शोधणाऱ्या प्रोग्रॅमकडे) पाठवतं.

नावं सारखी दिसली म्हणून जुळवू मात्र नका, ही कळकळीची विनंती. एकीकडे 'भाग'मध्ये वस्तू स्वतःही धरलेली असते, दुसरीकडे नसते. आधी स्वयंसिद्धं वाचा, मग दुवा लिहा, आणि जोडल्यावर सुसंगती तपासा.