तुझी पानं वाचली, आता माझं ऐक

प्रिय पोरी,

तुझ्या आत्मकथनाची पीडीएफ परवा रात्री वाचून काढली आणि काल परत वाचली. फोनवर बोलता आलं असतं पण फोनवर तू नुसतं हो मॅडम, हो मॅडम करतेस, म्हणून लिहून पाठवतेय. सावकाश वाच.

तू विचारलंयस की माझं आयुष्य वाचून कुणाला काय मिळणार, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरी बीडमधे गावोगाव आहेत आणि मी काही कलेक्टर झालेली नाही. हा कलेक्टर आधी डोक्यातून काढ बरं. सक्सेस स्टोरी वाचून माणूस टाळ्या वाजवतो आणि आपल्या कामाला लागतो, त्यात तो स्वतः कुठेच नसतो. तुझी सुरुवातीची पानं तशी झालीयत, संघर्ष, जिद्द, परिस्थितीवर मात, आणि वर "माझ्या या प्रवासातून अनेकांना प्रेरणा मिळेल". ती सगळी काढून टाक. मनापासून सांगतेय, त्यात तू दिसतच नाहीस.

तू दिसतेस ती वाढं (उसाच्या शेंड्यांचा हिरवा चारा) विकतानाच्या पानावर. आईबाप पहाटे उसाच्या फडात गेलेत, तुला धाकट्याला सांभाळायला म्हणून शाळेतून काढून आणलंय, आणि दुपारी तू रस्त्याच्या कडेला वाढ्याचे भारे विकायला बसलीयस. तेवढ्यात त्या गावातली तुझ्याच वयाची मुलगी युनिफॉर्ममधे सायकलवरून येते आणि तू भाऱ्यामागे जाऊन बसतेस, कारण पाचटाने, उसाच्या वाळक्या पाल्याने, हाताला पडलेले चरे तिला दिसू द्यायचे नव्हते. ती मुलगी थांबली पण नाही, तिने बघितलं पण नाही, आणि तू मात्र ती लांब जाईपर्यंत उठली नाहीस. बस. एवढंच आहे आणि पुरेसं आहे.

ते पान मी तुला विचारून आमच्या वाचनालयातल्या बायकांना वाचून दाखवलं होतं ना, नाव गाव न सांगता, त्याचं पुढे काय झालं ते ऐक. त्यात एक काकू आहेत, त्यांच्या सासरी सांगलीकडे बराच ऊस आहे, दरवर्षी तोडीला मजुरांची टोळी येते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हापासून मी टोळीला चहा पाठवते, पण त्यांच्या कोप्यांमधे, त्या झोपड्यांमधे, शाळेच्या वयाच्या मुली किती असतात ते कधी बघितलं नाही गं. त्याच संध्याकाळी त्यांनी दिराला फोन लावला, की औंदा टोळीत पोरं किती आहेत आणि कोपीवर प्यायचं पाणी कुठून येतं. उपदेश कुणी केला नव्हता त्यांना, तुझ्या पानात तर शेतमालकावर एक शब्दसुद्धा नाही.

मराठीत हे आधीपासून होत आलंय. बेबीताई कांबळे फलटणच्या, छोटं किराणा दुकान चालवायच्या, आणि घरच्यांना कळू न देता लिहायच्या, ते लिखाण वीसेक वर्षं तसंच लपवून ठेवलेलं. फलटणमधे राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंना ते कळलं, त्यांनी छापायचा आग्रह धरला, आणि १९८६ ला "जिणं आमुचं" पुस्तक म्हणून आलं. बेबीताईंनी त्यात स्वतःपेक्षा महारवाड्यातल्या बायकांचंच जास्त सांगितलंय. २००८ ला ते इंग्रजीत गेलं आणि फलटणच्या दुकानातल्या बाईचं लिखाण आता कुठल्या कुठल्या देशातली पोरं अभ्यासाला घेतात. त्याआधी १९७८ ला दया पवारांचं "बलुतं" हे आत्मकथन आलं आणि मग रांगच लागली, १९८० ला लक्ष्मण मान्यांचं "उपरा", १९८७ ला लक्ष्मण गायकवाडांचं "उचल्या". एकाने आपल्या घरातलं छापून आणलं की दुसऱ्याला वाटतं, अरे, हे पण लिहिता येतं, आणि तो वही काढतो. कुठेतरी एखादी पोरगी कोपीत बसून तुझं वाचेल आणि वही काढेल, मला तेवढं पुरे आहे.

आता आईच्या गर्भाशयाची पिशवी काढली त्या ऑपरेशनचं पान. हे सगळ्यात अवघड आहे म्हणून शेवटी ठेवलं. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या देशभर झाल्या, सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा मी तेव्हा वाचला होता, हळहळले होते, आणि पेपर घडी करून ठेवला होता. तुझ्या पानावर आई मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची आहे म्हणून टाके नीट भरायच्या आत मोळी डोक्यावर घेते आणि ट्रॉलीची फळी चढताना एका हाताने पोट धरते, ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. आकड्याला हात नसतो पोरी, तुझ्या आईला आहे.

पण ते दुखणं तिचं आहे. पुस्तक वाचून लोकांना काय वाटेल ते पुढचं पुढे, पहिला परिणाम तुझ्या घरात होणार आहे, आईवर, वडिलांवर, भावकीवर. म्हणून दसरा झाला की टोळी निघायच्या आत गावी जा आणि ते पान तिला समोर बसून वाचून दाखव. तिला वाचता येत नाही म्हणून तिला विचारायचं नाही असं करू नकोस. ती नको म्हणाली तर ते पान जाईल, कितीही भारी उतरलेलं असो, आणि मग माझ्याशी वाद घालायला यायचं नाही. ती हो म्हणाली, वर दोन गोष्टी दुरुस्त करून दिल्या, तर तिच्याच शब्दांत घे. तू आईचं बोलणं सगळं पुस्तकी करून टाकलंयस, ती "कशासाठी" कधी म्हणते गं? "कामून" म्हणते ना? तसंच लिही, ज्याला कळायचं त्याला कळतं. मुकादमाचं आणि गावाचं नाव मात्र बदल, तिला त्याच टोळीत परत जायचंय.

आणि वाढ्याचं पान अर्धवट सोडलंयस. संध्याकाळी भारे विकून आलेले पैसे कुणाच्या हातात दिलेस, त्यातून काय आणलं, आणि सायकलवाल्या मुलीचं आईला सांगितलंस का? तेवढं लिहून रविवारपर्यंत पाठव, वाट बघतेय.

तुझी,
मॅडम